आरशाखालची तीन बटनं

माझ्या आईला ऐकू येत नाही, ही गोष्ट साऱ्या सिंदीच्या कानावर मीच घातली. रोज संध्याकाळी, आमच्याच दारासमोर उभं राहून, फुफ्फुसं तोंडात येईस्तोवर ओरडून. पलीकडच्या लाईनवरून मालगाडी जात असली तर तिचा भोंगा माझ्या आवाजात बुडून जायचा आणि तिचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून पाहायचा, की हे मधलं स्टेशन कोणतं बोंबलून राह्यलं. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा.

आई दिवेलागणीला दार लावते. लावते म्हणजे किल्ला बंद करते. आधी कडी, कडीवर साखळी, आणि साखळीचा भरवसा नाही म्हणून दाराला आतून ढेपेचं पोतं टेकवते. गुरांच्या खुराकाचा, सरकी-ढेपेचा धंदा माझाच, त्यामुळे पोत्यांना तोटा नाही. बायको गडचिरोलीकडे शाळेवर, ती सुट्टीलाच येते. म्हणजे आत आई, बाहेर मी, आणि मध्ये माझाच माल.

बेलचा उपयोग नव्हता. मोबाईल तिला घेऊन दिला होता, तो ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, त्याला धूळ लागू नये म्हणून. एकदा मागच्या भिंतीवरून उतरलो तर तिनं चोर समजून लाटण्यानं असा हाणला की पुढे कित्येक दिवस मी अल्लीपूरच्या गिऱ्हाईकांना डाव्या हातानं नमस्कार करत होतो. पण हसण्यावारी नेण्याचे दिवस सरत चालले होते. कान तर आधीच गेले होते, आता आठवणही उतरू लागली होती. दुपारी जेवली की नाही हे तिला सांगता येईना. डॉक्टरांनी तिचे कागद पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, हे आता असंच हळूहळू उतरत जाणार, एकटं ठेवू नका.

हेच नागपूरची ताई फोनवर रोज म्हणायची. ताई माझ्याहून मोठी, आणि आवाज माझ्याहून मोठा.

"आत पडली-बिडली तर दार कोण फोडन?"

"मी फोडतो ना."

"तू भिंतीवरून उतरतं तर लाटणं खातं! तू काय दार फोडतं?"

आईला आम्ही एकदा ताईकडे नेऊन पाहिलं होतं. चौथा मजला. तिथं आई लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसायची. लिफ्टचं दार उघडलं की आतल्या माणसाला विचारायची, "सिंदी आली का वो?" माणसं हसायची. आई हसत नव्हती. तिची गाडी काही लागेना, आणि तिचं जेवण दिवसेंदिवस चिमणीएवढं झालं. शेवटी मीच उचलून परत आणली. अंगणात पाय टेकल्याबरोबर तिनं भाकरी मागितली. तेव्हाच मी ताईला शब्द दिला की आईला घरी नीट ठेवीन. आणि ताईनं मला दिला तो असा, "पुन्हा एकदा जरी काही झालं ना, तर मी येईन आन् घेऊन जाईन. मंग तुहं काही ऐकणार नाई."

लिफ्टसमोरची ती खुर्ची माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

त्याच सुमारास मी गाडी घेतली. नागपूरच्या एका डॉक्टरांची, परदेशी बनावटीची, जुनी. पण अंगानं अशी की आमच्या गल्लीत शिरली की दोन्ही बाजूंची घरं पोट आत घेत. तिच्या आतल्या आरशाखाली तीन बारकी बटनं होती आणि वर एक चिमुकलं घराचं चित्र. स्टेशनजवळच्या टपरीवर सारी पंचायत गाडीत डोकं घालून बसली.

"दाबू नको बापा, शीट उडते वरतं!"

"काही नाई, हे बायकोचा फोन कापाचं बटन आहे."

"मंग तीन कायले?"

"आपल्या-आपल्या हिमतीवर आहे."

डॉक्टरांनाच फोन लावला. ते म्हणाले, तिकडे परदेशात याच्यानं गॅरेजचं दार उघडतं, घरातले दिवेही लागतात. मी मात्र कधी दाबलंच नाही, असंही म्हणाले. आता आमच्याकडे गॅरेज नाही. जे फाटक आहे ते लाथेनं उघडतं. पण "घरातले दिवे" हे दोन शब्द ऐकले आणि मी टपरीवरचा चहा तसाच टाकून उठलो.

कारण आमच्या आईचं एक आहे. दिवा लागला की ती हात जोडते. देवापुढचाच असं नाही, कुठलाही. ट्यूबलाईट लागली, जोडले हात. खिडकीवर ट्रकचा उजेड पडला, जोडले हात. फ्रिजचं दार उघडलं तरी आधी नमस्कार, मग दही. कान गेले, आठवण चालली, पण लागलेला दिवा तिच्या नजरेतून कधी सुटला नाही. मी बाहेरून गळा फाडत होतो आणि आत तिला पोचणारी एकच भाषा उरली होती, ती उजेडाची.

मग मी कामाला लागलो. व्हिडिओ पाहून-पाहून माझे डोळे असे लाल झाले की मीच अंधारात दिसू लागलो असतो. प्रकार असा असतो, की बटन दाबलं की गाडी हवेत एक हाक सोडते, रेडिओची. ती हाक ऐकायला घरात एक डबी ठेवायची. डबी वायफायवरून बल्बांना निरोप देते. कोणते बल्ब, कोणत्या रंगाचे, किती उजेडाचे, हे सारं आपण आधी ठरवून द्यायचं, त्याला ॲपमध्ये सीन म्हणतात. पहिल्यांदा बटन दाबलं तर आमचं घर अंधारातच राहिलं आणि पलीकडच्या गल्लीत मांडवातला डीजे बंद पडला. नवरदेवाकडचे लोक मशीन उघडून बसले. त्यात माझा हात नव्हता, असं मी अजूनही म्हणतो.

पण एका संध्याकाळी जमलं. फाटकाशी गाडी उभी केली, पहिलं बटन दाबलं, आणि ओटा, बैठक, स्वयंपाकघर, सारं घर एका दमात हळदीसारखं पिवळं झालं. आत पोतं सरकल्याचा आवाज आला. साखळी. कडी. दारात आई, हात अजून जोडलेले.

"आला का रे?"

मी स्टेअरिंगवर डोकं ठेवलं. ती पुन्हा म्हणाली, "आला का?" आणि मी मान हलवली.

मग काय, तिन्ही बटनांवर भाषा चढवली. पहिलं, पिवळं: मी आलो, दार उघड. दुसऱ्यानं ओट्यापासून आतपर्यंत एकेक दिवा विझत जायचा: मी निघालो, कडी लाव. तिसरं, हिरवं: सोबत पाहुणे आहेत. हिरवं झालं की आई पातळ बदलायची आणि चहा टाकायची. एकदा ढेपेच्या पोत्याचा धक्का लागून तिसरं बटन दाबलं गेलं, तर मी एकटा आत आलो आणि ताटात कपांची ही रांग. आई माझ्या मागं पाहतच राहिली. "बाकीचे कुठी आहेत?" शेवटी शेजारच्या काकूंना, टपरीवरच्या पंचायतीला, वाटेनं जाणाऱ्या पोस्टमनला, सगळ्यांना बोलावून ते कप संपवले.

त्या महिन्यांत मी तोऱ्यात होतो. ताईला फोनवर म्हणायचो, "तुमच्या नागपुरात तरी आहे का असं?" ताई म्हणायची, "दिव्याच्या भरवशावर माय ठेवून राह्यला तू." पण आवाज खाली आला होता. आई जेवत होती. घरात होती.

आता यात एक सेटिंग होतं. लाईन, म्हणजे वीज, जाऊन परत आली की या बल्बांनी काय करावं, असं ॲपनं मला विचारलं होतं. बंद राहावं, की लागावं? आता हा काय प्रश्न झाला? आमच्याकडे लाईन गेली की घरातलं एक तरी बटन दाबून ठेवतात, का तर लाईन आली हे कळावं. वावरातल्या मोटारीच्या डब्यावरसुद्धा त्यासाठी बल्ब टांगलेला असतो. बल्ब पेटला की "आली रे आली!" म्हणून सारी गल्ली ओरडते. लाईन आली आणि दिवा लागला नाही, तर ती आली कशाला? मी विचार न करता "लागावं" वर बोट ठेवलं. आणि हे बल्ब असे गुणी, की शेवटी ज्या रंगात होते त्याच रंगात परत लागत. माझ्या घरी शेवटचा रंग कोणता, तर पिवळा.

मी घरी असायचो तेव्हा लाईन आली की आई हात जोडायची आणि मी समोरच बसलेला असायचो. त्यामुळे काही कळायला मार्गच नव्हता.

कापसाचा हंगाम सुरू झाला. त्या दिवशी मी अल्लीपूरला माल टाकून परत येत होतो. वाटेत कापसाच्या गाड्यांची अशी रांग, की तिचं एक टोक सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनिंगच्या फाटकात आणि दुसरं बहुतेक समुद्रात असावं. घरापाशी पोचलो तेव्हा दिवस नुकताच बुडाला होता. मी बटनाकडे हात नेला, आणि पाहतो तर घर आधीच पिवळं. मला हसू आलं. म्हटलं, गाडी आता मनातलंही ओळखू लागली.

मग दार दिसलं. सताड उघडं. पोतं बाजूला सरकवलेलं. फाटकही उघडं.

मी आत गेलो. बैठक, स्वयंपाकघर, न्हाणी, मागची भिंत. तिच्या चपला नव्हत्या. मी "माय!" म्हणून जी आरोळी ठोकली, तिनं शेजारच्या काकू पोळपाटावरून उठून बाहेर आल्या. कणकेचे हात तसेच.

"तुमची माय? अवो, आज लाईननं जीव खाल्ला. घडीघडी जाते आन् येते. ते आली की तुमची माय फाटकात. मी दोन-तीनदा हातानं सांगून घरात पाठवलं. आता आत्ता तं होती!"

"फाटकात काऊन?"

"मले का मालूम? म्हणे, पोरगा आला."

लाईन आली की घर पिवळं, घर पिवळं की मी आलो. ती दर वेळी पोतं सरकवून बाहेर येत होती आणि दर वेळी बाहेर मी नव्हतो.

मी गाडी काढली. हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. टपरीवरून कुणी ओरडलं, "हॉर्न काऊन वाजवून राह्यला बे, बुढीले ऐकू येते का?" आणि मग माझं तोंड पाहून तोच माणूस सायकल टाकून दुसऱ्या दिशेनं पळत सुटला. सारी पंचायत पांगली. कोणी बाजाराकडे, कोणी दवाखान्याकडे. मी खिडकीतून ओरडत होतो. जो आवाज मालगाड्या थांबवतो म्हणून मी आयुष्यभर मिरवला, तो सारा मी त्या गल्ल्यांमध्ये ओतला, आणि ज्या एका माणसापर्यंत तो पोचायचा होता त्याच्यासाठी त्याची किंमत चिमणीच्या चिवचिवाटाएवढीही नव्हती.

जिनिंगपाशी पुन्हा कापसाच्या गाड्या आडव्या आल्या. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी उतरलो. जिनिंगची भिंत तिथून सरळ रेल्वे लाईनकडे जाते, लांबलचक, कोणाची वस्ती नाही. भिंतीवर सोलरचे दिवे बसवले आहेत, माणूस जवळ आलं की लागणारे आणि पुढे गेलं की विझणारे. भिंत अंधारात होती. आणि मी पाहत असतानाच खूप दूर एक दिवा लागला. थोड्या वेळानं विझला. त्याच्या पुढचा लागला.

तो विझला. आणखी पुढचा लागला.

मला सारं कळलं. ती दिव्याजवळ जात होती, दिवा लागत होता. दिवा लागला म्हणजे पोरगा आला. तिथं पोरगा नव्हता, म्हणून ती पुढे जात होती, आणि पुढचा दिवा पुन्हा सांगत होता, आला, आला, आला. जी भाषा मी तिला शिकवली, तीच भिंत तिच्याशी बोलत होती आणि तिला रुळांकडे नेत होती.

मी धावलो. या शरीरानं, जे शेवटचं कधी धावलं हे त्यालाही आठवत नसेल. माझ्या पायांनीही दिवे लागत होते, माझ्या मागं विझत होते, पण ती मागं वळून पाहत नव्हती. भिंत संपली तिथं शेवटच्या दिव्याखाली ती थांबली. हलेना, म्हणून तो दिवाही विझला. ती पुढचा दिवा लागायची वाट पाहत होती. भिंत संपली होती, पुढे दिवा नव्हता. पुढे उतार आणि लाईन.

आणि तेवढ्यात वळणावरून मालगाडीचा उजेड आला.

तिनं तिकडं तोंड केलं आणि उतरायला लागली. सावकाश, पदर सावरत, घरच्या ओट्यावरून उतरावं तशी.

मी तिचा दंड धरला. तिनं मला ओळखलं नाही. अंधारात कोणी परका दंड धरतो म्हटल्यावर तिनं मला नखांनी ओरबाडलं, पोटात कोपर मारलं. "सोड मले! सोड! माहा पोरगा येऊन राह्यला!" मी तिला दोन्ही हातांनी आवळून मागं ओढत होतो आणि ती त्या उजेडाकडे हात पसरून रडत होती. ओढता-ओढता आम्ही भिंतीपाशी आलो आणि आमच्या झटापटीनं शेवटचा दिवा लागला. तिनं वर पाहिलं. माझं तोंड पाहिलं. तिचा हात माझ्या शर्टावरच थांबला.

"आला का तू?"

मी मान हलवली. मालगाडी धडधडत जाऊ लागली. आई गोंधळून तिच्याकडे पाहत राहिली.

"मंग हे कोण येऊन राह्यलं?"

दुसऱ्या दिवशी ताई आली. मला वाटलं होतं घर डोक्यावर घेईल. पण ती एक शब्द बोलली नाही, आणि ताई बोलली नाही हे पाहून मला भिंतीपाशी वाटली नव्हती तेवढी भीती वाटली. तिनं आईची पिशवी भरायला घेतली. आई शेजारीच बसून घड्या घालून देत होती.

"कोण चाललं वो?" आईनं विचारलं.

ताईनं तिच्याकडे बोट केलं. आईनं मागं वळून पाहिलं, की तिच्या मागं कोण बसलं आहे. कोणी नव्हतं. मग ती पुन्हा घडी घालू लागली. ताईचे हात तिथंच थांबले. ती पिशवीत तोंड घालून रडली. मी म्हटलं, "मी दिवस बुडाच्या आत घरी येतो. दुकान बुडालं तर बुडालं. मले हा हंगाम दे." ताई म्हणाली, "हा हंगाम." तेवढंच. हंगाम संपल्यावर काय, ते अजून ठरलेलं नाही.

बल्ब मी काढले, डबी काढली, साध्या ट्यूबलाईट लावल्या. काही उपयोग झाला नाही. आता तिला पिवळाच दिवा हवा असं नाही, कोणताही चालतो. मी दुपार कलली की दुकान बंद करतो, घरी येतो, दार आतून बंद करतो, ढेपेचं पोतं स्वतः टेकवतो आणि तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. तिला शेंगा सोलून देतो. ती माझ्याशी पावसाचं बोलते, कापसाच्या भावाचं बोलते, परक्याला म्हणावं तसं मला "अहो" म्हणते. मग लाईन जाते. आम्ही दोघं अंधारात बसून राहतो. मग लाईन येते, गल्ली ओरडते, आणि आई माझ्या गुडघ्याला हात लावते.

"पोरगा आला वाटते. जरा दार उघडता का?"

सुरुवातीला मी खूप समजावलं. छातीवर हात ठेवून, तिचा हात माझ्या तोंडावर फिरवून, मी आहे, मी इथंच आहे, असं. ती ओशाळून हसायची आणि पुन्हा दाराकडे पाहायची. दार उघडलं नाही तर ती रात्रभर तळमळते, जेवत नाही. म्हणून आता मी समजावत नाही. उठतो. पोतं सरकवतो, साखळी काढतो, कडी काढतो, बाहेर जातो, दार ओढून घेतो. ओट्यावर जरा उभा राहतो. मग दार ढकलून आत येतो.

"आला का रे?"

मी मान हलवतो. तिचा चेहरा असा होतो की तो पाहायला मी आणखी शंभर वेळा बाहेर जाईन. मग ती माझ्या रिकाम्या खुर्चीकडे पाहते.

"इथं एक भला माणूस बसला होता," ती मला सांगते. "त्यानंच दार उघडलं. गेला वाटते. चहा बी नाई पेला त्यानं."